बोका डब्याबाहेर लघवी करतो आहे: आधी तपासणी, आधी डबा की आधी नसबंदी?

चार-पाच महिने लिटरच्या, म्हणजे मांजराच्या शी-शूसाठी माती किंवा दाणे भरून ठेवलेल्या, डब्यात नेमाने जाणारे मांजर एके दिवशी पायपुसण्यावर किंवा गादीच्या कोपऱ्यावर लघवी करू लागले, की घरात तीन सल्ले एकाच संध्याकाळी येऊन पडतात. एक जण म्हणतो डॉक्टरकडे न्या, दुसरा म्हणतो लिटर बदला, तिसरा म्हणतो बोका वयात आला आहे, नसबंदी उरकून टाका. तिन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर आहेत. घोळ होतो तो क्रमात. नाशिकला गंगापूर रोडवरच्या आमच्या फ्लॅटमध्ये आठ महिन्यांच्या बोक्याच्या बाबतीत मी हा क्रम नेमका उलटा लावला होता, म्हणून प्रत्येक मार्गात किती वेळ जातो, काय हाती लागते आणि तो केव्हा निवडावा, याची ही तुलना.

कोणताही मार्ग धरण्यापूर्वी मांजर लघवी कसे करते ते एकदा डोळ्यांनी पाहणे आवश्यक आहे. बसून, सपाट जागेवर, मोठे थारोळे केले असेल तर ती साधी लघवी; उभ्याने, शेपूट ताठ करून ती थरथरवत, भिंतीवर किंवा पडद्यावर थोडीशी उडवली असेल तर ती हद्दीची खूण. पुन्हा पुन्हा बसून थेंब-थेंबच येत असेल, लघवीत लाली दिसत असेल, मांजर कण्हत असेल किंवा सतत मूत्रमार्ग चाटत असेल, तर तुलना तिथेच संपते. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असल्यामुळे तो तुंबू शकतो, आणि पूर्ण तुंबला तर एक-दोन दिवसांत जिवावर बेतते. अशा बोक्याला रात्र असली तरी त्याच वेळी न्यावे, आणि घरातली पॅरासिटामॉलची गोळी त्याला कदापि देऊ नये, कारण मांजरासाठी ती विष आहे.

तपासणीचा मार्ग महाग वाटतो, पण लघवीची साधी तपासणी त्यातला स्वस्त भाग आहे आणि तिने पुढची बरीच दिशा ठरते. रक्तपेशी, स्फटिक, आम्लता आणि लघवीचा दाटपणा एवढे कळले तरी पुरते. घरी नमुना घ्यायचा असल्यास धुऊन वाळवलेला रिकामा ट्रे ठेवावा आणि लघवी लगेच पोचवावी. फ्रीजमध्ये बराच वेळ राहिलेल्या नमुन्यात नंतरही स्फटिक तयार होतात आणि नसलेला आजार कागदावर दिसतो. तरुण मांजरात जिवाणूंचा संसर्ग क्वचितच आढळतो. बहुतेक वेळा सापडतो तो ताणाशी जोडलेला मूत्राशयाचा दाह, ज्याचे नेमके कारण हाती लागत नाही. त्यामुळे तपासणीशिवाय अँटिबायोटिकचा कोर्स लिहून मिळाला, तर तो कशासाठी आहे, हे विचारण्याचा मालकाला पूर्ण हक्क आहे. हा दाह पुष्कळदा आठवडाभरात आपोआपच ओसरतो, आणि मग त्या आठवड्यात जे काही बदलले असेल, गोळी असो की लिटर, त्याच्या नावावर श्रेय जमा होते. माझ्याकडे हे श्रेय सुगंधी लिटरला गेले होते. तीन आठवड्यांनी पायपुसणे पुन्हा ओले झाले तेव्हा ते श्रेय काढून घ्यावे लागले.

डब्याचा मार्ग सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. आमचा डबा ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी होता. एकदा बोका डब्यात बसलेला असताना मशीनचे ड्रायर सुरू झाले आणि तो उडी मारून पळाला, एवढे मी पाहिले होते. पण त्याचा अर्थ लावला नाही. त्यात जुलैचा पाऊस वाऱ्याबरोबर जाळीतून आत यायचा, लिटरचा वरचा थर ओलसर व्हायचा आणि तळाशी चिखल बसायचा. वास येतो म्हणून मी झाकणाचा, दाराचा डबा आणला, म्हणजे अडचणीत भर घातली, कारण त्या झाकणाखाली वास आमच्यासाठी कमी झाला आणि बोक्यासाठी वाढला. बाथरूमपुढचे पायपुसणे मऊ, कोरडे आणि शांत जागी होते. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच निवडले असते.

चांगल्या डब्याची मापे ठरलेली आहेत: लांबी मांजराच्या शरीराच्या दीडपट, लिटरचा थर दोन ते तीन इंच, आणि डब्यांची संख्या मांजरांपेक्षा एकने जास्त. बाजारातले बरेचसे ट्रे पिल्लाच्या मापाचे असतात. प्लास्टिकच्या दुकानातला कपडे ठेवायचा मोठा, उघडा टब एका बाजूने कापून घेतला तर तो अधिक उपयोगी पडतो.

लिटरच्या प्रकारांत मांजराचे मत आणि मालकाचे मत क्वचितच जुळते. बेंटोनाइटची बारीक, वासरहित, गाठी धरणारी माती बहुतेक मांजरांना रुचते, कारण ती पंजाखाली वाळूसारखी लागते. कच्छ आणि बारमेरच्या खाणींतून निघणारे हे खनिज आपल्याकडच्या काळ्या मातीच्याच गोत्रातले, पाणी लागताच फुगणारे. धूळ आणि वजन हे तिचे दोष. टोफूचे, म्हणजे सोयाबीनच्या चोथ्याचे, लिटर हलके आणि कमी धुळीचे असते, पण दाणा जाड असतो आणि उघडे राहिलेले पाकीट पावसाळ्यात बुरशी धरते. लाकडी पेलेट, म्हणजे भुसा दाबून केलेले दाणे, स्वस्त पडतात, मात्र कडक दाण्यांवर उभे राहणे काही मांजरांना पसंत नसते. सिलिकाच्या खड्यांचीही तीच तक्रार. सुताराकडचा भुसा किंवा बांधकामाची वाळू फुकट मिळते आणि पंचवटीतल्या एखाद्या वाड्यात, जिथे मांजर अंगणात जातच असते, तिथे ती चालूनही जाते. फ्लॅटमध्ये तिसऱ्या दिवशी वासाने घर सोडावेसे वाटते. लिटर बदलायचेच असेल तर जुना डबा तसाच ठेवून शेजारी दुसरा ठेवावा आणि निवड मांजरावर सोडावी. गाठी रोज काढून पिशवीत बांधून घंटागाडीत द्याव्यात, आणि घरात गरोदर बाई असल्यास हे काम दुसऱ्याने करावे.

नसबंदीबाबत निर्णय सोपा आहे, अपेक्षा मात्र नीट ठेवावी लागते. बोका साधारण सहाव्या महिन्यापासून वयात येतो आणि भिंतीवर लघवी उडवणे तेव्हाच सुरू होते. खिडकीबाहेर दुसरे बोके फिरत असतील तर ते आणखी वाढते. शस्त्रक्रियेनंतर बहुतेक बोक्यांची ही सवय जाते, पण हार्मोन उतरायला काही आठवडे लागतात आणि सुमारे १० टक्के बोके त्यानंतरही लघवी उडवतात. माजावर आलेली भाटीही तसेच करते, तेव्हा हा प्रश्न केवळ बोक्याचा नाही. नसबंदी करावीच, मात्र बसून गादीवर थारोळे करणाऱ्या मांजराची तक्रार केवळ तिच्याने जाईल, ही आशा धरू नये. आमच्या बोक्याची नसबंदी झाली, टाके सुकले, आणि पायपुसणे ओले होतच राहिले.

तेव्हा निवड अशी करावी. थेंब, लाली किंवा कण्हणे दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर. भिंतीवरची फवारणी असेल आणि नसबंदी झालेली नसेल तर नसबंदीची तारीख घ्यावी. सपाट जागेवर भरपूर लघवी आणि खाणेपिणे-खेळणे व्यवस्थित असेल, तर लघवीचा नमुना तपासायला द्यावा आणि अहवाल येईपर्यंत त्याच दिवशी डबाही हलवावा, कारण डबा हलवण्यात थांबण्यासारखे काहीच नाही.

कोणताही मार्ग घेतला तरी डाग पुसण्याची पद्धत चुकली तर सगळे पाण्यात जाते. आपल्याकडे हात आधी फिनेलकडे जातो, आणि त्यातले फिनॉल मांजराच्या यकृताला पचवता येत नाही. डांबरगोळ्याही तशाच घातक. ब्लीच लघवीतल्या अमोनियाशी मिसळून घशाला लागणारा वायू सोडते. एन्झाइमचे क्लीनर आणून डागावर भरपूर ओतावे आणि पाकिटावर दिलेला वेळ तसेच ओले राहू द्यावे; फरशीच्या सांध्यांत लघवी मुरलेली असल्यास हे दोन-तीनदा करावे लागते. मांजराला रागावू नये, त्याचे नाक डागावर घासू नये. त्याने ते फक्त तुमच्यापासून लपून लघवी करायला शिकते. आमचा डबा आता हॉलच्या कोपऱ्यात, पुस्तकांच्या कपाटाआड, झाकणाशिवाय असतो. पाहुण्यांना तो दिसतो, आणि बाथरूमपुढे पायपुसणे पुन्हा घालता आले आहे.