दारांच्या साइड बीडिंगचे नऊ महिने

गाडीच्या डाव्या मागच्या दाराची साइड बीडिंग, म्हणजे शेजारच्या गाड्यांचे धक्के झेलायला दारावर आडवी चिकटवतात ती पट्टी, नेमकी कुठे गळून पडली ते कळलंच नाही. ऑक्टोबरात साताऱ्याहून येताना खंबाटकीचा बोगदा ओलांडून शिरवळला चहाला थांबलो तेव्हा ती होती. तिच्या वरच्या काठावर साचलेला चिखल मी वडापावच्या कागदाने पुसलेला चांगला आठवतोय. पुण्यात सोसायटीत गाडी लावली तेव्हा नव्हती. तिच्या जागी दारावर करड्या फोमची लांबलचक रेघ. बायको म्हणाली, "अहो, गाडीची एक भुवई गेली की!"

भुवई गेली ती गेली. पण दुकानदार म्हणाला, "साहेब, सिंगल पीस नाही येत, चारचा सेटच घ्यावा लागेल." त्या रागात त्याच रात्री हा अनुभव लिहायला बसलो, अर्धा लिहून ठेवून दिला, आणि आता एप्रिलमध्ये पुरा करतोय. मधल्या काळात माझं मत दोनदा फिरलं, त्यामुळे सुरुवात आणि शेवट जुळले नाहीत तर समजून घ्या.

गाडी कोणती ते मुद्दाम सांगत नाही, नाहीतर गोष्ट मायलेजवर घसरेल. चार मीटरच्या आतली, पांढरी हॅचबॅक, एवढं पुरे.

पट्ट्या का लावाव्या लागल्या ते सोसायटीत राहणाऱ्याला सांगायला नको. आमच्या पार्किंगची आखणी अडीच मीटर रुंद. गाडी आरसे सोडून साधारण १.७ मीटर. उरले ८० सेंटिमीटर, त्यातले वीसेक उजव्या बाजूच्या खांबाने खाल्ले. डावीकडे शेजाऱ्यांची एसयूव्ही. शेजारी अगदी सज्जन माणूस, पण त्यांची दोन मुलं शाळेला उशीर झाला की दार उघडत नाहीत, भिरकावतात. पहिल्या वर्षातच डाव्या बाजूला तीन पोचे. लांबून दिसत नाहीत, पण सकाळचं तिरपं ऊन पडलं की तिन्ही डोळे वटारून बघतात.

पोचे रंग न लावता आतून दाबून काढणारा माणूस घरी बोलावला. एका पोच्याचे बाराशे म्हणाला. म्हणजे छत्तीसशे, आणि मुलं अजून आठवीतच. विमा झिरो डेपचा आहे, म्हणजे भरपाईतून घसारा कापत नाहीत, पण क्लेम केला की १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीचे हजार रुपये आपल्याच खिशातून जातात. शिवाय नो क्लेम बोनस (विम्याच्या हप्त्यातली सूट), जो पहिल्या बिनक्लेमच्या वर्षाला २० टक्क्यांनी सुरू होऊन पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत चढतो, तो गडगडून शून्यावर. शेंगदाण्याएवढ्या पोच्यासाठी हा व्यवहार करणारा माणूस मला अजून भेटायचाय.

पूर्वी बऱ्याच गाड्यांना कंपनीतूनच दाराला काळी पट्टी यायची. दिसायला ओबडधोबड, पण काम चोख. आता दारं गुळगुळीत ठेवतात आणि पट्टी ॲक्सेसरीच्या यादीत ढकलतात. एसयूव्हीला खाली काळं प्लास्टिक असतं खरं, पण ते उडणाऱ्या खड्यांसाठी. शेजारच्या दाराचा धक्का तिथे बसतच नाही. सित्रोएनने २०१४ मध्ये सी४ कॅक्टसच्या दारांवर हवेचे कप्पे असलेल्या जाड मऊ गाद्याच बसवल्या होत्या. लोक त्या गाडीला हसले, मी हसणार नाही.

शोरूमवाल्याने चार पट्ट्यांचे २९०० सांगितले. मी नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. तिथे गाडीच्याच रंगाचा एबीएस प्लास्टिकचा सेट, मागे टेप चिकटवलेला, फिटिंगसकट १४५० ला मिळाला. साडेचौदाशे वाचवल्याच्या आनंदात मी दुकानातल्या पोराने काय केलं ते नीट पाहिलं नाही, आणि पुढचा सगळा गोंधळ तिथेच झाला.

जुलैचा महिना, भुरभुर चालू. पोराने दार पुसलं ते ज्या कपड्याने आधीच्या गाडीला पॉलिश मारलं होतं त्याच कपड्याने. कागद सोलला, अंदाजाने पट्टी ठोकली, मुठीने दोन दणके दिले. चार पट्ट्या वीस मिनिटांत. "दोन तास पाणी नका लावू," म्हणाला. बाहेर पडलो तर धो धो.

नंतर कळलं ते असं. या पट्ट्यांमागे असते ती ॲक्रिलिक फोमची टेप. थ्रीएमसारखी चांगली टेप साधारण २१ ते ३८ अंश तापमानात लावावी, जागा स्वच्छ आणि कोरडी हवी. दाब महत्त्वाचा, कारण ही टेप दाबानेच धरते. वीस मिनिटांत निम्मी ताकद येते, एका दिवसात नव्वद टक्के, आणि पूर्ण पकड यायला ७२ तास. दोन तास कुठे आणि तीन दिवस कुठे! त्यात पॉलिशचा मेणचट थर. आणखी गंमत म्हणजे मी गाडी घेतानाच शोरूमच्या आग्रहाला बळी पडून वर कोटिंग करून घेतलं होतं. ज्याच्यावर पाणीही टिकत नाही त्याच्यावर टेप काय टिकणार? आधी पैसे देऊन दार निसरडं केलं, मग पैसे देऊन त्यावर पट्टी चिकटवली.

पण पट्टी पडली हे दुखणं छोटं. मोठं दुखणं उजव्या बाजूला निघालं. मागच्या दाराची पट्टी पोराने दाराच्या अगदी पुढच्या काठापर्यंत आणली होती. दार उघडताना त्याचा पुढचा काठ किंचित आत वळतो. पट्टीची जाडी ११ मिलिमीटर. म्हणजे मागचं दार पूर्ण उघडलं की पट्टीचं नाक पुढच्या दाराच्या कडेला घासणार. घासलंच. महिन्याभरात पुढच्या दाराच्या कडेचा रंग तांदळाच्या दाण्याएवढा उडाला. पोचे टाळायला लावलेल्या पट्टीने स्वतःच ओरखडा काढला! दुकानदाराला फोटो दाखवला तर म्हणतो, "मागचं दार एवढं कशाला उघडता?" आई पंचाहत्तरीची आहे, गुडघे दुखतात, तिला मागे बसवायला दार पूर्ण उघडावं लागतं. हे त्याला सांगितलं नाही. काही लोकांना कारण देणं म्हणजे त्यांच्या प्रश्नाला मान देणं.

ऑक्टोबरातला अर्धा मजकूर इथे संपला होता. शेवटचं वाक्य होतं, "सुतळी बांधा, पण ही पट्टी लावू नका." ते मागे घेतो.

नोव्हेंबरात निमूटपणे दुसरा सेट आणला, या वेळी फिटिंगशिवाय, ११०० ला. एका पट्टीसाठी अकराशे हे मनाला लागलं, म्हणून मजुरी तरी वाचवायची ठरवली. रविवारी सकाळी ऊन चढल्यावर बसलो. उजव्या मागच्या दाराची घासणारी पट्टी आधी काढली. हेअर ड्रायरने पाच मिनिटं गरम केली आणि मागून नायलॉनचा जाड दोरा करवतीसारखा पुढे-मागे ओढला. फोम कापला जातो, रंगाला काही होत नाही. उरलेला चिकटा अंगठ्याने चोळून चोळून काढला, त्यात दुपार झाली. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं निम्मं करून दोन्ही दारं पुसली. कागदी चिकटपट्टीने आधी सरळ रेघ आखून घेतली. पुढच्या काठापासून दीड सेंटिमीटर जागा सोडली, आणि पट्टी तिथेच ठेवायच्या आधी बायकोला दार सावकाश उघडायला लावून नाक घासत नाही ना ते पाहिलं. मग लाटण्याने दाबली. लाटण्याबद्दल घरात बोलणी खाल्ली, पण दाब एकसारखा बसतो. तीन दिवस गाडी धुणाऱ्या मुलाला सुट्टी दिली. त्याला ती इतकी आवडली की पुढच्या आठवड्यात तो विचारायला आला, "काका, अजून काही चिकटवायचंय का?"

त्या दोन पट्ट्या आजवर हललेल्या नाहीत.

आणि मत फिरलं ते जुन्या डाव्या पुढच्या पट्टीमुळे. दिवाळीची साफसफाई करताना तिच्यावर सात खुणा मोजल्या. दोन लालसर, बहुधा कुणाच्या तरी स्कूटरच्या. एक काळी, रबराची. बाकीच्या पांढऱ्यावर पांढऱ्या, नखाला लागतात तेवढ्याच. सात खुणा म्हणजे पोचे काढणाऱ्याच्या दराने ८४०० रुपये. हा हिशोब बायकोला पटत नाही, तिच्या मते त्यातल्या निम्म्या धक्क्यांनी पोचा पडलाच नसता. बरं, निम्मे धरू. तरी दोन्ही सेटचे पैसे सुटून वर सोळाशे उरतातच.

पण आठवा धक्का पट्टीच्या वर बसला. पट्टीच्या वर साधारण अर्धी वीत. आणि इथून माझं डोकं फिरलं.

एका रात्री साडेदहाला मोजायची टेप आणि टॉर्च घेऊन खाली उतरलो आणि शेजाऱ्यांच्या एसयूव्हीचं दार मोजलं. वॉचमन आला. "साहेब, ती तुमची गाडी नाही." म्हटलं, माहितीये, म्हणूनच मोजतोय. त्यांच्या दाराची सगळ्यात बाहेर आलेली कड जमिनीपासून ६७ सेंटिमीटरवर. माझ्या पट्टीचा मध्य ५२ वर. पट्टीची रुंदी साडेचार सेंटिमीटर. म्हणजे त्यांचं दार माझ्या पट्टीला भेटणं शक्यच नव्हतं! मग ओळीने सगळ्या गाड्या मोजल्या. सेडान आणि हॅचबॅक ५० ते ५६ च्या आत. एसयूव्ही सगळ्या साठच्या वर. माझ्या पट्टीवरच्या सात खुणा मॉलमधल्या, ऑफिसातल्या, दवाखान्याबाहेरच्या परक्या गाड्यांच्या होत्या. ज्या एका दारासाठी मी पट्ट्या लावल्या ते दार पट्टीच्या डोक्यावरून जात होतं.

दुकानात विचारा, "कंपनी लावते तिथेच लावली," हेच उत्तर. कंपनीला तुमचा शेजारी माहीत नसतो. म्हणून पट्टी घेण्याआधी दोन गोष्टी करा. एक, ज्या गाडीशेजारी तुमची गाडी रोज उभी राहते तिचं दार मोजा. दोन, एक लांब फूटपट्टी आपल्या दाराला उभी टेकवा. हल्लीच्या दारांना मधे फुगवटा असतो, आणि पट्टी त्या फुगवट्याच्या खूप खाली आली तर ती कितीही जाड असली तरी आधी धक्का फुगवट्यालाच बसतो. पट्टी लावल्यावर फूटपट्टी पट्टीलाच टेकायला हवी. टेकत नसेल तर ती पट्टी नुसती शोभेची.

मग माझी पट्टी काढून वर का लावली नाही? विचार केला होता. पण ६७ सेंटिमीटरवर माझ्या दाराची घडी येते, तिथे सपाट टेप बसत नाही. शिवाय पट्टीखालच्या रंगाला ऊन लागत नाही, काही वर्षांनी काढली तर तिथे वेगळी छटा उरण्याची भीती. पांढऱ्यावर कमी दिसेल, पण दिसेल.

बाकी बारीकसारीक. वरच्या काठावर धूळ साचते, पावसात तिचे ओघळ येतात, कपड्याचं टोक घालून पुसावं लागतं. फेंडरला, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्याला, पट्टी नसते, तिथला ओरखडा आपल्या नशिबाचा. दिसायला बरी वाटते, मेव्हण्याला वाटली नाही.

एसयूव्हीचा तोडगा शेवटी जानेवारीत सापडला, १८० रुपयांत. दाराच्या कडेवर चढवायची यू आकाराची रबरी पट्टी मिळते, मीटरच्या हिशोबाने. ती आपल्या दाराला लावून आपलं काहीच वाचत नाही, वाचतं ते समोरच्याचं. म्हणून संक्रांतीला तिळगूळ घेऊन शेजाऱ्यांकडे गेलो आणि म्हटलं, तुमच्या उजव्या दारांना मी स्वखर्चाने कड लावून देतो. ते दोन मिनिटं गप्प. "आत पाणी राहून गंज नाही ना धरणार?" शंका रास्त होती. म्हटलं, पावसाळ्याआधी मी स्वतः काढून पुसून परत लावीन. वहिनी आतून म्हणाल्या, "लावू द्या हो, मुलं काही ऐकायची नाहीत." लावून झाल्यावर मुलांनी उत्साहाने दार माझ्या गाडीवर आपटून दाखवलं. रबर बसलं, पोचा नाही.

तेव्हापासून डाव्या बाजूला नवीन काही नाही. दुसऱ्या सेटमधल्या दोन पट्ट्या उरल्या होत्या, त्या उजवीकडच्या खांबाला चिकटवल्या, माझ्या दाराच्या उंचीवर, या वेळी मोजून. सेक्रेटरींनी विचारलं तेव्हा म्हटलं, खांबालाही पोचे पडतात.

शेजाऱ्यांच्या मागच्या दाराचं रबर खालच्या टोकाला थोडं सुटायला लागलंय. सकाळी दूध आणायला जाताना अंगठ्याने दाबून जातो.