दोन टीबीच्या डबीत 64 जीबी

2019 च्या ऑगस्टात मलप्रभेचं पाणी खानापुरातल्या आमच्या घरात शिरलं. आबांचे जुने फोटो भिजले. हाताला लागले ते वाळवून स्कॅन करून घेतले. मूळ फोटो पुढे एकमेकांना चिकटून गेले. त्या स्कॅनमधले निम्मे आता गेलेत, म्हणून हे लिहितोय.

घरच्या कॉम्प्युटरवर सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली. बेळगावला एका दुकानात सीपीयू घेऊन गेलो. दुकानदार आपल्यातला, गावची चौकशी केली, चहा मागवला. "हार्ड डिस्क भरली ओ तुमची, हे घेऊन जावा," म्हणत 2 टीबीची, म्हणजे साधारण 2000 जीबीची एसएसडी (फाइल साठवायची बाहेरून जोडायची डबी) हातात ठेवली. 2800 रुपये. इतक्या स्वस्तात ती मिळत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. बिल मागायला संकोच वाटला.

घरी येऊन सगळे फोटो कट करून त्यात पेस्ट केले. कॉपी करून ठेवले असते तर! आठवड्याने आबांचा यात्रेतला फोटो उघडायला गेलो. नाव दिसतं, फोटो उघडत नाही.

भाचीने डबी उघडली. आत गोंदाने चिकटवलेलं 64 जीबीचं मेमरी कार्ड. विंडोजला खोटाच आकडा सांगायची सोय त्यात केलेली असते. खरी जागा संपली तरी कॉपी सुरूच राहते, फाइल मात्र साठत नाही.

मग तिने कॉम्प्युटरच्या डिस्कचे सी, डी असे भाग दाखवणारं विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडून दाखवलं. "मामा, डिस्क कुठे भरलीय? सी 100 जीबीचा आहे आणि डी मध्ये 700 जीबी रिकामे पडलेत." दुकानदारालाही ते दिसलं असणारच.

त्यात डी नुसता लहान करून सी वाढत नाही. मोकळी जागा सीला लागूनच उजवीकडे असावी लागते. म्हणून असलेल्या फाइल दुसरीकडे नीट उतरवून, उघडून पाहून, डी काढला, सी वाढवला, उरलेल्या जागेत पुन्हा डी केला. त्याआधी पुसलेल्या फाइल शोधून काढणाऱ्या रिकव्हरी सॉफ्टवेअरने निम्मे स्कॅन परत मिळवले होते.

तुम्ही अशी डिस्क घेतलीच असेल तर रिकामी असतानाच एचटूटेस्टडब्ल्यू (H2testw) हे तपासणीचं सॉफ्टवेअर चालवा. ते पूर्ण जागा भरून परत वाचून बघतं. वेळ लागतो, लागू द्या. आणि बिल घ्याच. मी डबी घेऊन परत गेलो तेव्हा त्याच माणसाने, त्याच गोड मराठीत विचारलं, "बिल आहे काय ओ?"