पुण्यातल्या एका 'डॉक्टर अब्रॉड' कन्सल्टन्सीचा अनुभव (यूकेसाठी)

तीन स्टार देतोय, आणि ते पण फक्त डॉक्युमेंट बघणाऱ्या मॅडममुळे. माझ्या डिग्रीवर आडनाव आधी आणि पासपोर्टवर नाव आधी, वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण एकीकडे नुसतं अक्षर, हे त्यांनी पहिल्याच दिवशी पकडलं आणि एपिक व्हेरिफिकेशनला (डिग्री खरी आहे का याची ऑनलाइन तपासणी) पाठवायच्या आधीच सगळं नीट करून घेतलं. खरंच मनापासून आभार.

पण बाकीचं पॅकेज अजिबात घेऊ नका. जीएमसीचं (यूकेत डॉक्टरांचं रजिस्ट्रेशन करणारी संस्था) अकाउंट, प्लॅब १ चं (त्या रजिस्ट्रेशनसाठीची पहिली, लेखी परीक्षा) बुकिंग हे सगळं आपलं आपण ऑनलाइन होतं, सेंटर मुंबईत पण आहे. प्लॅब २ ला (दुसरी, प्रॅक्टिकल परीक्षा) मँचेस्टरलाच जावं लागतं, त्याला साधा व्हिजिटर व्हिसा लागतो, तो फॉर्म भरायचे हे लोक वेगळे पैसे लावतात!! आणि मुख्य म्हणजे 'रजिस्ट्रेशन झालं की जॉब पक्का' असं काउन्सेलर बिनधास्त सांगतो. तसं नसतं हो. हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसा हॉस्पिटलने स्पॉन्सर केल्याशिवाय मिळत नाही, आणि एकेका पोस्टला आता प्रचंड अर्ज येतात. घरचे कर्ज काढून पाठवतात, त्यांना हे आधी कळायलाच हवं.

अजून एक, गुड स्टँडिंग सर्टिफिकेट (डॉक्टर म्हणून आपलं रेकॉर्ड साफ आहे असं आपल्या मेडिकल कौन्सिलचं पत्र) तीन महिन्यांच्या आतलं लागतं, यांनी मला ते फार आधी काढायला लावलं, परत काढावं लागलं. इंग्रजीच्या परीक्षेत आयईएल्टीएसला एकूण ७.५ किंवा ओईटीला चारही भागात बी ग्रेड लागते, ती तयारी तर स्वतःचीच. नुसती कागदपत्रं तपासून घ्यायची असतील तर जा, मॅडम सकाळीच असतात.