आठ महिने ओपन सायन्स वापरून बघितलं, कुठे कामाला आलं कुठे नाही

अर्थशास्त्रात पीएचडी करतोय, विषय बायकांचा रोजगार, डेटा पीएलएफएसचा, म्हणजे सरकारच्या रोजगार सर्वेक्षणाचा, आणि जोडीला १२० दुकानदारांवर केलेला एक छोटा प्रयोग. गेले आठ महिने ठरवून सगळं ओपन ठेवलं, म्हणजे प्रयोगाचा प्लॅन आधी नोंदवायचा आणि डेटा-कोडचं फोल्डर असं ठेवायचं की कोणीही उघडून चालवावं.

फोल्डरपासून सांगतो, खरा फायदा तिथेच झाला. मूळ डेटाला हात लावायचा नाही, एकच मास्टर डू-फाइल (स्टाटा या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरची कोडची फाइल), आणि फाइलच्या पाथमध्ये स्वतःच्या डेस्कटॉपचं नाव नको, एवढेच नियम. दुसऱ्या महिन्यात मित्राच्या लॅपटॉपवर चालवलं तर एका टेबलातला आकडा वेगळा आला, दोन दिवस डोकं फिरलं. मग कळलं की स्टाटात सॉर्ट केलं की सारख्या व्हॅल्यूच्या ओळी आपापसात कशा लागतील याचा नेम नसतो, आणि मी नेमकी त्यानंतर प्रत्येक घरातली पहिली ओळ उचलत होतो. सॉर्टमध्ये माणसाचा आयडी पण घातला, मिटलं. त्याच साफसफाईत वेटची, म्हणजे सर्वेक्षणातला एक माणूस किती जणांच्या वतीने मोजायचा त्या आकड्याची, घोडचूक सापडली. वेट काढायला डेटात दिलेला मल्टिप्लायर, एनएसएस आणि एनएससी हे दोन कॉलम सारखे असतील तर १०० ने भागायचा, नसतील तर २०० ने, मी सरसकट १०० ने भागून मोकळा! आणि ड्राफ्ट सरांकडे जाऊन पण आलेला, त्यांना कसं सांगितलं ते विचारू नका.

तोवर मी राइनहार्ट-रोगॉफ या अर्थतज्ज्ञांच्या जोडीवर मजेत हसायचो. त्यांचा २०१० चा पेपर, सरकारी कर्ज फार झालं की देशाची वाढ मंदावते असं सांगणारा, २०१३ मध्ये हर्नडन नावाच्या विद्यार्थ्याने त्यांच्याकडून एक्सेल शीट मागवली, तर सरासरीच्या फॉर्म्युल्यात पाच देश सुटलेले. ते आणि बाकीच्या गोष्टी दुरुस्त केल्यावर जीडीपीच्या ९०% च्या वर कर्ज असलेल्या देशांची सरासरी वाढ उणे ०.१ ऐवजी २.२% निघाली. पण त्यांनी शीट दिली म्हणून तर कळलं ना, माझी कोणी मागितली असती तर मी दिली असती का, माहीत नाही.

प्लॅन नोंदवण्याचं मात्र मिक्स आहे. प्रयोग एईएच्या (अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशन) आरसीटी रजिस्ट्रीत टाकला, तिथे असे प्रयोग आधी नोंदवतात, फुकट आहे, फॉर्म भरायला तीन संध्याकाळी गेल्या. मुख्य रिझल्ट शून्य आला, म्हणजे फरकच दिसला नाही. तरुण दुकानदारांमध्ये छान फरक दिसत होता, पण प्लॅनमध्ये तो ग्रुपच नव्हता, मग 'नंतर सापडलेलं' असं लेबल लावून मागच्या पानांत ढकलला. जीव तुटला, खोटं कशाला बोलू. पीएलएफएसवर मात्र नोंदणी केलीच नाही, डेटा वर्षभर चिवडून झाल्यावर 'आमचा अंदाज असा होता' म्हणून नोंदवणं हे नाटकच.

दुकानदारांचा डेटा झेनोडोवर (संशोधनाचा डेटा सगळ्यांसाठी ठेवायची वेबसाइट) टाकताना नावं-नंबर काढले तरी गल्ली, दुकानाचा प्रकार आणि वय एकत्र दिसलं की तिथलं एकुलतं एक स्टेशनरीचं दुकान लगेच ओळखू येत होतं, म्हणून गल्ली उडवली, वयाचे गट केले. आणि हे पब्लिश दाबायच्या आधी करा, डीओआय, म्हणजे डेटाचा कायमचा ओळख क्रमांक, मिळाला की चूक गुपचूप पुसणं सोपं नसतं, सहसा नवी आवृत्ती टाकावी लागते. मॅनेजमेंटवाले मित्र म्हणतात आमचा कंपन्यांचा डेटा विकतचा, शेअर कसा करणार. डेटा नका करू, कोड द्या आणि डेटा कुठून, कोणत्या तारखेला घेतला ते रीडमीत, म्हणजे फोल्डरातल्या माहितीच्या फाइलमध्ये, लिहा.

आयडिया चोरीला जाईल ही भीती मलाही होती. आठ महिन्यांत फोल्डर उघडून प्रश्न विचारणारा एकच जण भेटला, तोही माझाच ज्युनिअर, त्याला वेट कसे लावायचे ते हवं होतं.