डिजिटल वेलबीइंग: प्रयोगासाठी किती भरवशाचं?

अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्येच असलेलं ‘डिजिटल वेलबीइंग’ फुकट आहे आणि फोनवापराचे आकडे आपोआप नोंदवत राहतं. सोशल मीडिया कमी केल्यावर मन थाऱ्यावर येतं का, हे तपासायला निघालेल्यांचा हात म्हणूनच आधी त्याच्याकडे जातो. मोजणीसाठी ते जरूर वापरावं. वापराला लगाम घालायला मात्र एकट्या त्याच्यावर विसंबू नये.

स्वतःच्या फोनवापराचा अंदाज बांधण्यात माणसं फार कच्ची असतात. २०२१ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा लोकांनी सांगितलेला वेळ आणि यंत्राने नोंदवलेला वेळ यांचा सहसंबंध (तंतोतंत जुळणी असेल तर १, काहीच नाते नसेल तर ०) जेमतेम ०.३८ निघाला. डॅशबोर्डवर प्रत्येक अ‍ॅपचा वेळ, ते किती वेळा उघडलं आणि किती नोटिफिकेशन आली, हे तिन्ही मिळतं. स्क्रीनशॉट रोज सकाळी, आदल्या दिवसाचा घ्यावा. रात्री दहाला घेतला तर अंथरुणात पडून केलेलं स्क्रोलिंग नेमकं सुटतं. मनःस्थितीची प्रश्नावली त्याआधी भरून घ्यावी, कारण साडेपाच तासांचा आकडा पाहिल्यावर ‘आज कसं वाटतंय’चं उत्तर बदलू शकतं. आणि एकूण स्क्रीन टाइम धरू नये. रस्ता दाखवणारा नकाशा तासभर चालू राहिला तर तो तासही त्यात जमा होतो. अ‍ॅपनिहाय आकडेच उतरवून घ्यावेत.

टायमर लावायला सोपा: डॅशबोर्डमध्ये अ‍ॅप निवडायचं, मिनिटं ठरवायची. वेळ संपली की आयकॉन करडा होतो आणि मध्यरात्रीनंतर पुन्हा उघडतो. पण पासवर्ड नसल्याने तोच टायमर सहभागी व्यक्ती काही सेकंदांत काढून टाकू शकते. शिवाय इन्स्टाग्राम अ‍ॅप बंद झालं तरी ब्राउझरमधून तीच साइट उघडते आणि तो वेळ ब्राउझरच्या नावावर पडतो. लॅपटॉप, दुसरा फोन हे तर हिशेबातच नाहीत. म्हणून ब्राउझरचा वेळही रोज नोंदवावा. इन्स्टाग्राम घटलं आणि ब्राउझर तेवढाच वाढला, तर वापर कमी झालेलाच नाही.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातला २०१८ चा प्रयोग इथे उपयोगी पडतो. १४३ विद्यार्थी, त्यांतल्या एका गटाला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट प्रत्येकी रोज १० मिनिटं, तीन आठवडे. पुरावा म्हणून आयफोनच्या बॅटरीच्या पानाचे स्क्रीनशॉट. मर्यादा पाळणाऱ्यांचा एकटेपणा आणि नैराश्य कमी झालं. पण चिंता आणि ‘आपण काहीतरी मुकतोय’ ही भीती दोन्ही गटांत उतरली, म्हणजे बंधन नसलेल्यांतही. आपल्या वापरावर लक्ष ठेवणं हाच एक उपचार असू शकतो, असा त्याचा अर्थ लावला गेला. डिजिटल वेलबीइंग वापरताना हीच गोष्ट सर्वांत जास्त नडते, कारण आकडा पाहणं टाळताच येत नाही. तेव्हा नियंत्रण गटाकडूनही, म्हणजे ज्यांच्यावर मर्यादा नाही त्यांच्याकडूनही, स्क्रीनशॉट घ्यावेतच. एकाच गटाकडून घेतले तर फरक मर्यादेमुळे पडला की आकडा पाहिल्यामुळे, हे कधीच सुटं करता येणार नाही. बंधन घालण्याआधी दोन्ही गटांची किमान एक आठवड्याची नोंद हवी, शनिवार-रविवारसकट. गट चिठ्ठ्या टाकूनच पाडावेत. ज्यांना फोन कमी करायचाच आहे त्यांना मर्यादेच्या गटात घेतलं की निकाल वाया गेला.

आता प्रयोगात किती माणसं घ्यायची हा प्रश्न, ज्याचं उत्तर कुठलंच अ‍ॅप देत नाही. अमेरिकेत २०१८ च्या निवडणुकीआधी लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावलं होतं आणि खाती खरोखर बंद आहेत का हे संशोधकांनी स्वतः तपासलं होतं. रोजचा सुमारे एक तास मोकळा झाला, तरी समाधानाच्या निर्देशांकातली वाढ ०.०९ प्रमाण विचलन (माणसामाणसांतल्या गुणांच्या फरकाचं माप) इतकीच होती. एवढा बारीक फरक नुसत्या शेवटच्या गुणांवरून ८० टक्के खात्रीने पकडायचा तर प्रत्येक गटात दोन हजारांच्या आसपास माणसं लागतात. सुरुवातीचे गुण हिशेबात धरले तर ही गरज उतरते. तरीही पन्नास-पन्नासच्या गटांत फरक दिसला नाही, म्हणून ‘परिणाम होत नाही’ असं लिहिता येणार नाही.