कारखान्यातला जुना मेटल हलाइड दिवा घरातल्या भाजीसाठी: दहा महिन्यांचा अनुभव

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या मागच्या खोलीतला दिवा अचानक लागेनासा झाला. त्याच्या दुरुस्तीत तीन दिवस, एक नवा बल्ब आणि पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या बाजाराच्या, म्हणजे तपकीर गल्लीच्या, चार फेऱ्या खर्ची पडल्या, आणि तेव्हाच ठरवले की हा सगळा अनुभव एकदा नीट लिहून ठेवायचा. दिवा म्हणजे कारखान्याच्या शेडमध्ये छताला टांगलेला असतो तो घंटेच्या आकाराचा हायबे, २५० वॅटचा मेटल हलाइड, म्हणजे पाऱ्याच्या वाफेत धातूंचे क्षार मिसळून पांढरा उजेड देणारा. एलईडी आल्यापासून भोसरी-चिंचवडकडच्या शेडमधून हे दिवे भराभर उतरवले गेले आणि भंगारात आले. मला हा जुन्या बाजारात एका रविवारी, चोक (बल्बमधला विजेचा प्रवाह आवरणारा), इग्नायटर (दिवा पेटवणारा) आणि कंडेन्सर (वीज साठवणारा) असलेल्या लोखंडी पेटीसकट, ७०० रुपयांना मिळाला.

आमचे घर शनिवार पेठेत तळमजल्यावर आहे. शेजारचा वाडा पाडून तिथे पाच मजली इमारत उभी राहिल्यापासून मागच्या खिडकीत ऊन येत नाही. कुंडीतली मेथी उजेडाच्या शोधात लांब, पांढुरकी होत जायची आणि बोटभर उंचीची झाली की आडवी पडायची. एवढ्या एका कारणासाठी हा दिवा घेतला. गेल्या नोव्हेंबरपासून, एप्रिल-मे हे दोन महिने वगळता, तो रोज चालला आहे.

आणल्यावर पहिले काम केले ते परावर्तक धुण्याचे. अॅल्युमिनियमच्या त्या घंटेला आतून तेलाचा आणि धुळीचा असा थर होता की बोट फिरवले तर काळी रेघ उमटत होती. धुण्याची पावडर, कोमट पाणी आणि मऊ फडके घेऊन दोन वेळा धुतल्यावर आतला पत्रा चकाकू लागला. मोबाइलवरच्या लक्समापकाने तीन फुटांखाली धुण्यापूर्वी साधारण ६,५०० लक्स दाखवले होते, ते धुतल्यानंतर ९,००० झाले. मोबाइलच्या आकड्यावर फार विसंबू नये, परंतु त्याच मोबाइलने त्याच जागी मोजले तर फरक तरी खरा कळतो.

लक्स हे माणसाच्या डोळ्याचे माप आहे, झाडाचे नव्हे. झाडे ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातले प्रकाशकण वापरतात, आणि मेटल हलाइडच्या बाबतीत लक्सला साधारण ७१ ने भागले की दर चौरस मीटरला सेकंदाला किती मायक्रोमोल (प्रकाशकण मोजण्याचे एकक) प्रकाश पडतो त्याचा अंदाज येतो. म्हणजे ९,००० लक्स हे सुमारे १२५ मायक्रोमोल झाले. भर उन्हात हाच आकडा २,००० च्या आसपास असतो, हे लक्षात घेतले म्हणजे कारखाना उजळून टाकणारा दिवाही रोपासाठी किती मंद असतो ते समजते. पालेभाज्यांना दर चौरस मीटरला दिवसभरात मिळून १२ ते १७ मोल (एक मोल म्हणजे दहा लाख मायक्रोमोल) प्रकाश मिळावा असे सांगितले जाते. मी सुरुवातीला चौदा तास दिवा ठेवून जेमतेम सव्वासहा मोलपर्यंत पोहोचत होते.

तरीही मेथी आली. पंचवीस दिवसांत खुडण्याजोगी झाली, देठ आखूड आणि जाड, पान गडद. हा फरक प्रकाशाच्या प्रमाणाइतकाच त्याच्या रंगाचाही आहे. मेटल हलाइडमध्ये निळा भाग पुरेसा असल्याने रोप बुटके आणि भरीव राहते. सोडियमचा पिवळा दिवा भंगारात याहून स्वस्त मिळत होता, तो घेतला नाही याचे मला आजही समाधान वाटते, आणि त्याचे कारण केवळ रोपाच्या वाढीचे नाही. सोडियमच्या उजेडात हिरवे पान आणि पिवळे पडू लागलेले पान सारखेच दिसते. या पांढऱ्या उजेडात मिरचीच्या कोवळ्या शेंड्यामागे बसलेला मावा हा किडा, अगदी मोहरीच्या निम्म्या आकाराचा, मला चष्मा न लावता दिसला आणि तो पसरण्याआधी हाताने पुसून काढता आला.

आता या दिव्याबद्दलच्या माझ्या खऱ्या तक्रारीकडे येते. या दिव्याच्या विजेबद्दल आणि उष्णतेबद्दल सगळे बोलतात, परंतु त्याच्या चोकच्या घुमण्याबद्दल मला कोणीही सावध केले नव्हते. शेडमध्ये यंत्रांच्या आवाजात ते ऐकू येत नसावे. घरात मात्र तो एक सलग, खालच्या पट्टीतला ‘घूं’ असा आवाज असतो, आणि माझे हिशेब लिहिण्याचे टेबल त्याच खोलीत आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, चोकचा लोखंडी गाभा प्रत्येक आवर्तनात दोनदा चुंबकित होतो, म्हणून तो सेकंदाला १०० वेळा किंचित ताणला आणि आकसला जातो. गाभ्याच्या पातळ पट्ट्या, ज्यांना वायरमन स्टॅम्पिंग म्हणतात, वर्षानुवर्षांच्या तापण्याने सैल झाल्या की हा आवाज आणखी वाढतो. मी पेटी भिंतीला स्क्रूने घट्ट बसवली होती. दहाव्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या काकू खाली आल्या आणि म्हणाल्या, “अगं, रात्री तुझ्याकडे गिरणी चालते का? माझा पलंग गुणगुणतो.”

तेव्हा लाटण्याचे एक टोक पेटीला आणि दुसरे कानाला लावून मी आवाज नेमका कुठून येतो ते शोधले. चोकपेक्षा पेटीचा पातळ पत्राच जास्त थरथरत होता आणि तो थरथराट भिंतीत उतरत होता. पेटी भिंतीवरून काढली, सायकलच्या जुन्या ट्यूबचे चार तुकडे घडी करून तिच्याखाली ठेवले, चोकचे स्क्रू आवळले आणि पट्ट्यांच्या फटींत इन्सुलेशनचे वॉर्निश सोडून दोन दिवस सुकू दिले. काकूंचा पलंग शांत झाला. माझ्या टेबलाशी आवाज निम्म्याने उरला, आणि तो निम्मा आवाज मी मार्चअखेरपर्यंत रोज ऐकला. दिवा बंद झाल्यावर खोलीत जी शांतता पसरायची तिच्यावरून मला कळायचे की दिवसभर मी किती आवाज सहन केला. फेब्रुवारीत कोणी विचारले असते तर हा दिवा घरात आणू नका असेच मी सांगितले असते.

विजेचा हिशेब मी महिन्याच्या महिन्याला ठेवला आहे. बल्ब २५० वॅटचा असला तरी चोक स्वतः काही वीज खातो, त्यामुळे एकूण ओढ २७५ वॅट भरते. चौदा तासांनी महिन्याला ११५ युनिट होतात. आमच्या घराचा नेहमीचा वापर १९० युनिट, म्हणजे बेरीज ३०५, आणि ३०० च्या वरचे युनिट महावितरणच्या पुढच्या, महागड्या टप्प्यात जातात. पहिले बिल पाहिल्यावर मी वेळ बारा तासांवर आणली, त्यामुळे एकूण वापर २८९ वर राहिला, आणि कमी झालेल्या वेळेची भरपाई म्हणून दिवा तीन फुटांवरून अडीच फुटांवर उतरवला. लक्स १२,५०० झाले. कमी वेळात जास्त प्रकाश मिळाला आणि टप्पाही ओलांडला गेला नाही. ट्रेच्या कडांना मात्र मधल्यापेक्षा निम्माच उजेड पोहोचतो, म्हणून दर चार दिवसांनी कुंड्यांच्या जागा बदलाव्या लागतात.

एप्रिल-मेमध्ये दिवा बंद ठेवला. २७५ वॅट म्हणजे खोलीत तेवढी शेगडीच असते. पुण्यात पारा चाळिशीकडे गेला की त्या खोलीत कोथिंबीर टिकत नाही, हातभर होण्याआधीच फुलोऱ्यावर येते. याच उष्णतेचा डिसेंबर-जानेवारीत उपयोग झाला. तेव्हा मी दिवा संध्याकाळी लावून पहाटे बंद करत असे, आणि बाहेर गारठा असताना रोपांना ऊब मिळत असे.

जून लागताच आवाजाचा प्रश्न कायमचा मिटवावा म्हणून मी संपूर्ण पेटी ड्राय बाल्कनीत नेली आणि तिथून दिव्यापर्यंत सहा मीटर केबल ओढून घेतली. खोली शांत झाली. दोन महिने दिवा लागलाही, फक्त पेटायला कधीकधी वेळ घेई. मग ऑगस्टच्या त्या दमट आठवड्यात तो पूर्ण थांबला. तपकीर गल्लीतल्या एका दुकानात सगळी हकिकत सांगितली, तेव्हा दुकानदाराने केबलची लांबी विचारलीच नाही आणि बल्ब गेला असे ठामपणे सांगून ६५० रुपयांचा नवा बल्ब दिला. तो लावूनही दिवा लागला नाही. परत घेण्यास त्यांनी नकार दिला, आणि बल्ब तपासून देण्याइतकी तसदीही घेतली नाही. ग्राहकाला चार प्रश्न विचारून मग वस्तू विकायला किती वेळ लागतो?

शेवटी ओळखीच्या वायरमनना बोलावले. त्यांनी पेटी उघडून पाहिली, केबलवरून नजर फिरवली आणि म्हणाले, “ताई, चोक कितीही लांब ठेवा, पण हा इग्नायटर दिव्याजवळच पाहिजे.” कारण त्यांनी समजावून सांगितले. दिवा पेटवण्यासाठी इग्नायटर काही हजार व्होल्टचे ठोके देतो, आणि लांब केबलमध्ये ते ठोके वाटेतच क्षीण होतात. दमटपणा कमी असताना कसेबसे जमत होते, तो वाढला तेव्हा तेही जमेना. शिवाय साध्या वायरचे इन्सुलेशन त्या दाबासाठी नसतेच. त्यांनी इग्नायटर वेगळ्या छोट्या पेटीत दिव्याच्या डोक्यावर बसवला, होल्डरपर्यंतच्या फूटभर वायरवर उष्णता सोसणारी फायबरची नळी चढवली आणि चोक-कंडेन्सर बाल्कनीतच ठेवले. बटण दाबल्यावर दिवा लगेच पेटला आणि चार-पाच मिनिटांत पूर्ण उजेडावर आला.

इथे माझे मत दुसऱ्यांदा बदलले. बळेच गळ्यात पडलेला तो नवा बल्ब त्याच उंचीवर १६,००० लक्स देतो. जुना बल्ब कारखान्यात हजारो तास जळून मंदावला होता, आणि तो जळतो आहे म्हणजे चांगला आहे असे मी गृहीत धरले होते. आता दिवसाला पावणेदहा मोलच्या आसपास प्रकाश मिळतो, आणि सप्टेंबरच्या ढगाळ दिवसांतही पालक पस्तीस दिवसांत कापणीला आला. जुना दिवा घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी बल्ब बदलावा.

जुना बल्ब मी ई-कचरा घेणाऱ्यांकडे दिला. त्यात पारा असतो, त्यामुळे तो घंटागाडीत टाकू नये. बल्बची बाहेरची काच फुटली तरी आतली नळी जळत राहू शकते, आणि मग तिच्यातून निघणारे अतिनील किरण डोळे आणि कातडी भाजतात, म्हणून तडा दिसताच दिवा बंद करावा. रोपांवर पाणी फवारताना तापलेल्या काचेवर थेंब उडू नये यासाठी परावर्तकाच्या तोंडाशी मूळची काच असलेलाच दिवा निवडावा. पेटीला अर्थिंग हवेच. कंडेन्सर दिवा बंद झाल्यावरही भारित राहू शकतो, तेव्हा पेटीत हात घालण्याचे काम वायरमनकडेच सोपवावे. वीज क्षणभर जरी गेली तरी गरम दिवा पुन्हा लागायला दहा-पंधरा मिनिटे घेतो. हा बिघाड नाही, आतला दाब उतरेपर्यंत तेवढे थांबावे लागते.

नवा पांढरा एलईडी घेतला तर सुमारे १२० वॅटमध्ये एवढेच काम होईल आणि महिन्याला पन्नासहून अधिक युनिट वाचतील, हे मी अनेकदा मांडून पाहिले आहे. सगळेच विकत घ्यायचे असेल त्याने एलईडीच घ्यावा. माझ्याकडचा दिवा, बल्ब, इग्नायटर आणि मजुरी धरून मला दोन हजारांच्या आत पडला आहे, येत्या थंडीत त्याची ऊबही हवी आहे, म्हणून मार्चपर्यंत तो उतरवणार नाही. काल मेथीचा नवा ट्रे त्याच्याखाली ठेवला. चोक बाल्कनीत घुमत असतो, आणि मधले दार लावले की टेबलाशी फक्त पंख्याचा आवाज येतो.