पातळ प्लायमध्ये चौकोनी भोके: हाताच्या फ्रेट सॉचा अनुभव

सोलापुरात गड्ड्याची यात्रा भरण्यापूर्वी घरातल्या देव्हाऱ्याच्या दारांना जाळी करायची होती. त्यासाठी ४ मिलिमीटर प्लायमध्ये २० मिलिमीटरची ३६ चौकोनी भोके पाडायची होती. जिगसॉने (विजेवर चालणाऱ्या करवतीने) केलेला पहिला प्रयत्न फसला, कारण एवढा पातळ प्लाय यंत्राच्या हादऱ्याने थरथरतो आणि वरचा पदर उचकटून कडेला कुसळे निघतात. म्हणून मंगळवार पेठेतील एका हार्डवेअरच्या दुकानातून ४५० रुपयांना हाताने चालवायचा फ्रेट सॉ, म्हणजे कमानीत ताणलेल्या बारीक पात्याची करवत, आणला.

याची कमान ११ इंच खोल आहे आणि मला हाच त्याचा सर्वांत मोठा गुण वाटतो. कोपिंग सॉ या नेहमीच्या कमानी करवतीची कमान पाच-सहा इंचांतच संपते, त्यामुळे रुंद फळीच्या मध्यापर्यंत पाते पोहोचतच नाही. ५ इंचांचे बारीक पाते, कापून काढायच्या भागात आधी पाडलेल्या ३ मिलिमीटरच्या भोकातून सहज ओवता येते. दातांची टोके मुठीकडे ठेवून ते बसवावे, म्हणजे खाली ओढताना प्लाय आधाराच्या फळीवर दाबला जातो.

खरी कसोटी कोपऱ्याची असते. रेषेच्या अर्धा मिलिमीटर आतून कापत कोपऱ्यापर्यंत यावे, तेथे पुढे न रेटता पाते जागच्या जागी खालीवर चालवत ठेवावे आणि प्लाय हळूहळू काटकोनात वळवावा. तरीही कोपरा किंचित गोल राहतो. तो धारदार पटाशीने दोन्ही बाजूंनी निम्मा-निम्मा दाबून काढावा आणि मग चौरस कानस फिरवावी. आखणी मात्र पेन्सिलीने न करता गुण्याला (काटकोनी पट्टीला) कटर टेकवून करावी. वरचा पदर रेषेवर आधीच चिरला गेला, की कुसळ त्यापलीकडे जात नाही. माझ्या जाळीची सफाई मुख्यतः या एका सवयीमुळे आली, असे मी मानतो.

दोष पाते धरणाऱ्या वरच्या पकडीत आहे. तिचा विंग नट (हाताने आवळायचा पंखांचा नट) कितीही आवळला तरी पाते सटकत होते, आणि ताण गेलेले पाते तिरकेच धावते. पकडीच्या आतला गुळगुळीत भाग पॉलिश पेपरने खरखरीत केल्यावर ते सटकणे थांबले. सोबत मिळालेले पिळाचे पाते सरळ रेषेसाठी वापरू नये. ते सर्व दिशांना कापते, त्यामुळे रेषेवर टिकत नाही.

पहिल्या भोकाला २५ मिनिटे लागली, शेवटच्याला ८. साध्या पात्यांचे डझनाचे पाकीट त्याच दुकानात ६० रुपयांना मिळते. ते सॉबरोबरच घ्यावे, कारण पहिल्या दोन भोकांतच माझी चार पाती तुटली.